अनुभव धागा: फंक्शनचे परतमूल्य न तपासल्याची वॉर्निंग

सी भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बिल्डमध्ये कधी ना कधी ही वॉर्निंग उमटते: फंक्शनने परत दिलेले मूल्य कोडने वापरलेच नाही, अशी ती कम्पायलरची तक्रार. तुम्ही ती कशी हाताळता आणि तिच्यामुळे खरोखर काही दोष हाती लागला का, हे कृपया तपशिलाने लिहावे.

प्रतिसाद १
आमचा तोच कोड एका मशीनवर विनातक्रार कम्पाइल होई आणि दुसऱ्यावर 'राइट' व 'सेटयूआयडी'बद्दल कुरकुर करी. जीलिबसी या सी लायब्ररीच्या हेडरमध्ये अशा फंक्शनांवर ही वॉर्निंग आणणारी 'वॉर्न अनयूज्ड रिझल्ट' ही खूण असते, ती 'फॉर्टिफाय सोर्स' हा सुरक्षा-तपासणीचा पर्याय चालू असेल तरच लागू होते आणि उबुंटूवर ऑप्टिमायझेशनसोबत तो पर्याय आपोआप चालू होतो, हे त्यामागचे कारण निघाले. 'सेटयूआयडी'ची वॉर्निंग मी कोणालाही दाबू देत नाही. अधिकार सोडण्याचा तो कॉल फसला आणि कोणी पाहिले नाही, तर पुढचा सगळा कोड रूट म्हणूनच, म्हणजे पूर्ण अधिकारांनिशी, चालत राहतो.

प्रतिसाद २
जाणूनबुजून दुर्लक्ष करायचे असले, तरी 'वॉर्न अनयूज्ड रिझल्ट' लावलेल्या फंक्शनपुढे व्हॉइडचा कास्ट (मूल्य मुद्दाम टाकून देत असल्याची नोंद) देऊन जीसीसी हा कम्पायलर गप्प बसत नाही, क्लँग हा दुसरा कम्पायलर बसतो. मग लोक रिकामा 'इफ' लिहितात किंवा मूल्य एखाद्या व्हेरिएबलमध्ये टाकून देतात, आणि ते व्हेरिएबल वापरले नाही म्हणून दुसरी वॉर्निंग ओढवून घेतात. सी भाषेच्या सी२३ या मानकातील 'नोडिस्कार्ड' या तशाच खुणेला हा कास्ट चालतो, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे.

प्रतिसाद ३
मिस्रा सी २०१२ या सुरक्षित कोडिंगच्या नियमावलीतील नियम १७.७ (परतमूल्य वापरलेच पाहिजे) यामुळे आमच्याकडे प्रत्येक 'प्रिंटएफ'पुढे व्हॉइड आहे. वाचताना त्रास होतो, एवढेच.

प्रतिसाद ४
वॉर्निंग येत नाही तेथेच मला अधिक धास्ती वाटते. आमच्या एका प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिणाऱ्या 'एफराइट'चे परतमूल्य काटेकोरपणे तपासले होते, ते बरोबरही आले होते आणि तरीही ग्राहकाकडे रिकामी फाइल पोहोचली. डेटा थोडासाच असल्याने तो बफरमध्येच, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, राहिला होता. तो डिस्कवर उतरण्याची वेळ फाइल बंद करणाऱ्या 'एफक्लोज'मध्ये आली, डिस्क भरलेली होती आणि 'एफक्लोज'ने दिलेली त्रुटी कोणी वाचलीच नाही. जीलिबसीने 'एफक्लोज'वर ती खूण लावलेली नाही, त्यामुळे बिल्ड निष्कलंक दिसत होता. आता आम्ही स्वतःचे आवरण-फंक्शन लिहून त्यावर ही खूण लावली आहे.

प्रतिसाद ५
वरील मुद्द्याला पुरवणी: मेमरीचा आकार बदलणाऱ्या 'रिअलॉक'चे उत्तर त्याच पॉइंटरमध्ये परत घेतले, की मूल्य 'वापरले' असे समजून ही वॉर्निंग येत नाही, मात्र काम फसून नल आल्यास जुन्या मेमरीचा पत्ता हातचा जातो आणि ती मोकळीही करता येत नाही.