पंप कंट्रोलरचे बूट कोड कुठे साठवू? (बोर्डमागे ४० रुपये)

निफाडचा_मोटारवाला
नमस्कार मंडळी. विहिरीवरच्या मोटारीचे कंट्रोलर बनवतो, ब्लू पिलवर (एसटीएम३२एफ१०३ चिपचा छोटा स्वस्त बोर्ड). ३० बोर्ड शेतांवर आहेत. लाइट जाऊन आली की त्यातले तीन-चार कधीकधी उठतच नाहीत. टेबलावर आणले की शहाण्या बाळासारखे चालू. बूट होताना प्रत्येक टप्प्याचा कोड लिहून ठेवायचाय, म्हणजे कुठे अडकतात ते कळेल. वेळ ठेवणारं आरटीसी मॉड्यूल (डीएस३२३१) आधीच बसवलंय. बोर्डमागे ४० च्या वर जाऊ शकत नाही.

सोल्डरबाबा
डोळे झाकून एफरॅम, लाइट गेली तरी न विसरणारी मेमरी. ईईप्रॉमही विसरत नाही, पण तिला एकदा लिहायला ५ मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढ्यात लाइट गेली की कोड गेला. एफरॅमला थांबणं नाही, झिजणं जवळजवळ नाही. माझ्या बोर्डावर तीन वर्षं आहे, एक बाइट चुकली नाही.

पिंपरीतला_पोर
ईएसपी३२ वर या ना सरळ, वायफायवाली चिप. कोड थेट मोबाइलवर.

निफाडचा_मोटारवाला
विहिरीवर वायफाय कुठून आणू दादा?

हेक्सकाकू
पीसीची बायोस (चालू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) ८० हेक्स पोर्टवर कोड टाकायची. पोस्ट कार्ड (ते कोड दाखवणारं तपासणी कार्ड) खोचलं की दोन आकडे दिसायचे, तिथेच अडकलं समजायचं. क्रोमबुकच्या ईसी (एम्बेडेड कंट्रोलर, मदतनीस चिप) फर्मवेअरमध्ये अजून तेच आहे: ईसी ते कोड स्वतःच्या रॅममध्ये गोल रांगेत ठेवतो आणि कन्सोलवर मागितले की यादी देतो. कोड टप्पा सुरू करण्याआधी लिहा. झाल्यावर लिहिलात तर अडकलेला टप्पा कधीच दिसणार नाही. आमच्या ऑफिसात एकाने उलटं केलं होतं, आठवडा गेला.

रेझिस्टर_राव
डीएस३२३१ च्या निळ्या मॉड्यूलवर एटी२४सी३२ ईईप्रॉम असतेच, ४ केबी, फुकट. आणि त्यात साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल घातला असेल तर चार्जिंगचा रेझिस्टर आधी काढा. माझा सेल फुगला होता.

पिंपरीतला_पोर
३.३ व्होल्टवर चार्जच होत नाही तो.

रेझिस्टर_राव
त्यांनी ३.३ वर जोडलंय असं कुठे लिहिलंय? माझा ५ वर होता. फुगला म्हणजे फुगला.

सोल्डरबाबा
एफरॅमला सेलच लागत नाही.

रात्रपाळी
आयटूसी बसच (चिपना जोडणाऱ्या दोन तारा) अडकली तर ईईप्रॉम काय, एफरॅम काय, लिहिणार कोण? चिपच्या आत १६ बिटांची १० बॅकअप रजिस्टरं आहेत, ती वापरा. रीसेटमध्ये टिकतात, पण लाइट गेली की पुसली जातात, म्हणून व्हीबॅट पिनला (बॅकअप सेलची पिन) सेल हवा. बूट होताच रीसेटचं कारणही वाचा. पिन रीसेटचा झेंडा प्रत्येक रीसेटला वर होतो, म्हणून पॉवरचा आणि वॉचडॉगचा (अडकलेली चिप रीसेट करणारा टायमर) आधी तपासा, मग सगळे पुसा. आणि एक विचारतो: क्रिस्टल (चिपला बाहेरून ठोका देणारा) स्थिर होण्याची वाट पाहणारा लूप बेमुदत आहे का? वॉचडॉग त्याच्या आधी सुरू होतो की नंतर?

सोल्डरबाबा
मग एसपीआयवाली एफरॅम घ्या, तिच्या तारा वेगळ्या. हेच म्हणत होतो मी.

निफाडचा_मोटारवाला
रात्रपाळी, चहा माझ्याकडून. लूप बेमुदतच निघाला आणि वॉचडॉग त्याच्यानंतर. आता वॉचडॉग आधी, आणि ठरावीक वेळात क्रिस्टल आलं नाही तर चिपच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालू.
पण कोड कुठेच साठवत नाही. चार एलईडी लावतोय, प्रत्येक टप्प्याआधी त्याचा आकडा बायनरीत. अडकला की दिवे (वॉचडॉगने रीसेट केलं तरी फिरून) तिथेच. शेतकरी फोनवर सांगतील, 'पहिला आणि तिसरा पेटलाय'. रेझिस्टर धरून दहा रुपयांच्या आत बसतं.

हेक्सकाकू
म्हणजे पोस्ट कार्डच की हो.

सोल्डरबाबा
भर उन्हात एलईडी दिसतात का? बघा बाबा. एफरॅम.

नवा_शेतकरी
माझी पण मोटार लाइट आल्यावर सुरू होत नाही. हा ४० रुपयांचा बोर्ड कुठे मिळेल?