नाताळ, कुलकुल आणि पाववाल्याची भट्टी: तुमच्या घरचं सांगा

पापडीची_पोर
काल पुण्यात एका दुकानात कुलकुल चक्क पाकिटात दिसले, वर सोनेरी रिबीन. भाव बघून हसू आलं, मग घर आठवलं.

वसईत डिसेंबर अर्धा झाला की आम्ही भावंडं आजीच्या ओटीवर चटई टाकून बसायचो. मैदा, अंडं, साखर, नारळाचं दूध घालून मळलेला गोळा. त्यातली बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळून शिंपला करायचा. काटे पुरायचे नाहीत म्हणून नवेकोरे कंगवे आणलेले असायचे. धाकट्यांचे वेडेवाकडे कुलकुल आजी शेवटच्या घाण्यात तळायची. "हे फादरांच्या ताटात नकोत."

केक मात्र पाववाल्याच्या भट्टीवर. पत्र्याच्या डब्यावर खिळ्याने नाव कोरलेलं. पाव निघाले की उरलेल्या आचेवर सगळ्या आळीचे केक.

ख्रिस्ती असा नसा, लिहा.

घाण्याचा_बैल
डबे अदलाबदल व्हायचे का?

पापडीची_पोर
व्हायचे की! एकदा आमच्याकडे कुणाचा तरी भरपूर रम घातलेला केक आला. बाबा म्हणाले, आता कुठे शोधत बसायचं.

नगरी_भेळ
नगरला आमच्याकडे केक दुय्यम. करंज्या, चकल्या, शेव, अनारसे. शेजारच्या काकू दरवर्षी म्हणणार, "तुमची दिवाळी लेट आली गं." दिवाळीत त्यांचं ताट आमच्याकडे, नाताळात आमचं त्यांच्याकडे, ते चिवड्याने भरून परत. पंचवीसच्या पहाटे पोरं ढोलकी, टाळ घेऊन गात गल्लीबोळ फिरायची. आजोबा चारलाच उठून चहाचं आधण ठेवणार. आवाज दुसऱ्या गल्लीत वळला की चिडचिड सुरू, "आपलं घर सोडून कुठं चालले हे?"

म्हापशेकार
गोठ्याबद्दल (येशूच्या जन्माचा देखावा) कुणीच लिहिलं नाही? आम्ही हिंदू, पण शेजारच्या आंटीच्या गोठ्यासाठी नाचणी आमच्या अंगणात रुजायची. पसरट भांड्यात माती घालून आधीच पेरायची, नाताळापर्यंत बोटभर हिरवंगार शेत. वाळूची वाट, आरशाचा तुकडा म्हणजे तळं. बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद चिकटवून नक्षत्र. गव्हाणी मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी. मी विचारलं बाळ कुठंय, तर आंटी म्हणाली, "कपाटांत. अजून जल्मूंक ना." (अजून जन्मलं नाही.)

दोदोल (नाताळातली गोड वडी) ढवळायला मात्र आम्हाला हात लावू द्यायची नाही. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ. हात थांबला की बुडाला लागलंच.

कट्टा_न_सोडणारा
आमच्या सोसायटीत सेक्रेटरी सांता होतात. मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या पोरांनाही चॉकलेट देतात, पण आईबापांकडे रोखून बघत 😀

स्टुटगार्टची_ताई
इथे जर्मनीत खरा सण 24 ला संध्याकाळी. दुपारीच दुकानं बंद, 25-26 सुट्टी. पहिल्या वर्षी हे माहीतच नव्हतं, भाजी नाही दूध नाही, दोन दिवस पोहे.

5 डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी निकोलाउस (सांतासारखा संत) त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट टाकून गेलेला असतो. लेकीने बाबाची कोल्हापुरी ठेवली, मोठी आहे म्हणून. निकोलाउसला (म्हणजे मलाच) अक्रोड जिनाभर गोळा करावे लागले. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते

घाण्याचा_बैल
कोल्हापुरीत संत्रं तरी राहील हो, अक्रोड कसले थांबतात!

वांद्र्याची_नातसून
रात्री दहानंतर भोंगे बंद झाल्यापासून आमच्याकडे उघड्यावरची मिस्सा (नाताळची प्रार्थना) लवकर उरकते. म्हाताऱ्यांना बरं पडतं, पण बाराच्या मिस्सेची मजा वेगळी. नवा फ्रॉक दिसावा म्हणून स्वेटर घालायचा नाही आणि कुडकुडायचं (मुंबईत कसली थंडी म्हणा). घरी येऊन रात्री दोनला सोरपोटेल (डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा). ते दोन दिवस आधीच करून मुरवलेलं. सोबतचे फुगे (तळलेले गोल पाव) मात्र ताजे तळलेलेच हवेत, गार झाले की चिवट.

नगरी_भेळ
सोरपोटेलात बाटली मसाला घालता का?

वांद्र्याची_नातसून
आमच्या सासूबाई घालतात, माझी मम्मा नाही. दरवर्षी यावरून दोघींचं होतं. मसाला उन्हाळ्यात कुटून बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला.

कट्टा_न_सोडणारा
बाटल्या रिकाम्या करायला मदत लागली तर सांगा.

वांद्र्याची_नातसून
दिरांचा नंबर आधी आहे, रांगेत या.