आईच्या अंगावर लाल चट्टे, तोंडात फोड, गोळीची रिॲक्शन असेल का?

लोकमान्यनगरची_लेक: नमस्कार, इंदूरहून लिहितेय. आईच्या (वय 62) गालात करंट लागल्यासारख्या कळा यायच्या म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं, आज 16 वा दिवस. तीन दिवसांपूर्वी ताप आला, डोळे चुरचुरायला लागले, घसा दुखतोय म्हणाली, आम्हाला वाटलं व्हायरल. काल छातीवर लाल चट्टे उठले, मधोमध काळपट. आज ओठ सोललेत, वरणाचं पाणीसुद्धा गिळवत नाहीये. गल्लीतल्या डॉक्टरांनी घामोळं म्हणून ॲलर्जीची गोळी दिली. उद्या रविवार, सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

त्वचावाला_डॉक्टर: ताई, थांबू नका, आजच न्या. न तपासता निदान सांगणार नाही, पण ताप, डोळे, तोंड आणि असे चट्टे एकत्र म्हटले की स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (एसजेएस, औषधाची गंभीर रिॲक्शन, त्यात कातडी सुटते) आधी डोक्यात येतो, आणि तो औषध सुरू केल्यावर साधारण 4 ते 28 दिवसांत होतो. पुढची गोळी देऊ नका (फिटसाठी चालू असती तर बदली औषध डॉक्टरांकडून लगेच घ्यावं लागलं असतं). एमवायला (इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला) न्या, नाहीतर जिथे आयसीयू, स्किन आणि डोळ्यांचे डॉक्टर तिन्ही आहेत तिथे. गेल्या दोन महिन्यांतली सगळी औषधं पाकिटांसकट सोबत घ्या, काढे-चूर्णंसुद्धा. 10 टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर एसजेएस, 30 च्या वर गेली तर टेन (TEN, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, याचंच जास्त गंभीर रूप), त्यात जिवाला मोठा धोका असतो, म्हणून घाई.

रामबागवाला: माझ्या सासऱ्यांना युरिक ॲसिडच्या गोळीने, अ‍ॅलोप्युरिनॉलने, हेच झालं होतं. आम्ही पाच दिवस नुसतं क्रीम लावत बसलो, मग एका सकाळी चादर बदलताना पाठीची कातडी चादरीलाच चिकटून आली, उकडलेल्या टोमॅटोची साल निघते तशी. भाजलेल्या पेशंटसारखं ठेवलं होतं त्यांना, सलाईन, ड्रेसिंग, खोली गरम. अंगाला चिकटपट्टी लावू देऊ नका. आणि डोळ्यांचे डॉक्टर रोज यायलाच हवेत, पापण्या आतून चिकटतात, सासऱ्यांचे डोळे आजही कोरडेच आहेत.

लोकमान्यनगरची_लेक: निघतोय. कंपाउंडर म्हणतोय आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू?

त्वचावाला_डॉक्टर: घरी नको. स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन द्यायचं का ते भरती केल्यावर तिथले डॉक्टर ठरवतील, स्टेरॉइडबद्दल तर आमच्यातच एकमत नाही.

लोकमान्यनगरची_लेक: चौथा दिवस. एसजेएसच निघाला, नवे चट्टे थांबलेत, आज चार चमचे नारळपाणी घेतलं. फाइलवर लाल पेनने लिहून दिलंय, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन कधीच नाही. माझ्या भावाला फिट येतात, त्याला ही गोळी चालेल का?

त्वचावाला_डॉक्टर: टाळलेलीच बरी. ही प्रवृत्ती रक्ताच्या नात्यात असू शकते, त्याच्या न्यूरोच्या डॉक्टरांना आईची फाइल दाखवा.