मुलगी जूनमध्ये लहान गटात जाणार आहे; काय तयारी करावी?

धागाकर्ती, पुणे: माझी मुलगी नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची होईल आणि जूनपासून मराठी शाळेच्या लहान गटात जाईल. आजवर ती आजी आणि माझ्याखेरीज कोणाजवळही राहिलेली नाही. दप्तर, डबा, बाटली आणि बूट दीड हजार रुपयांत बसवायचे आहेत. आधी काय घ्यावे आणि तिला काय शिकवावे?

ठाणेकर बाबा: दप्तरात काटकसर करू नका. आम्ही अडीच हजारांचे चाकांचे दप्तर घेतले, ते आजही नव्यासारखे आहे.

बालवाडी शिक्षिका, सांगली: 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तरच नको, त्यामुळे डबा, रुमाल आणि कपड्यांचा एक जोड मावेल एवढी पिशवी पुरते. खरी अडचण डब्याची होते. चारही बाजूंनी क्लिप असलेला डबा मुलांना उघडत नाही, मग ती तो तसाच घरी नेतात किंवा जोर लावताना पोहे सतरंजीवर सांडतात. एका बोटाने उघडणारा डबा, इलॅस्टिकची चड्डी आणि वेल्क्रोचे बूट घ्या. ‘बाई, मला शू लागली आहे’ हे परक्या माणसाला सांगायची सवय आत्तापासून लावा, कारण पहिल्या आठवड्यातले निम्मे रडणे त्यापायीच असते.

नागपूरची आई: आमच्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तरीही उकाडा असतो, बाटली स्टीलचीच घ्या. आमच्या प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण पहिल्याच महिन्यात तुटले.

सातारचे आजोबा: बाटलीपेक्षा पाटी महत्त्वाची आहे. आमच्या नातवाला शाळेत जाण्यापूर्वीच पूर्ण बाराखडी लिहिता येत होती.

बालवाडी शिक्षिका, सांगली: काका, आपल्या नातवाचे कौतुक आहे, पण या वयात बोटांत पुरेशी ताकद नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 मध्ये सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, बिया आणि शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने होती. मटार सोलणे, कणीक मळणे, माळेत मणी ओवणे यांतूनच पेन्सिल धरण्याची तयारी होते.

सातारचे आजोबा: आमच्या पिढीने मटार न सोलताही मोत्यासारखे अक्षर काढले.

कोल्हापूरची मावशी: डबा सहज उघडणारा घ्या, हे मीही सांगते. शिवाय निरोप न घेता मागच्या मागे निघून जाऊ नका. ‘डबा खाऊन झाला की मी येईन’ असे सांगा आणि त्याच वेळेला दारात उभ्या राहा. मुलांना घड्याळ कळत नाही, डबा कळतो.

ठाणेकर बाबा: चाकांच्या दप्तराचा विचार जरूर करा.

धागाकर्ती, पुणे: सर्वांचे मनापासून आभार. दप्तर घेतले नाही. तिच्या आत्याने कापडी पिशवी शिवून दिली. वेल्क्रोचे बूट आणि स्टीलची बाटली आणली. डबा मात्र चार क्लिपचाच घेतला, कारण दुकानात तिने तो छातीशी धरला आणि सोडला नाही. आता दुपारचा खाऊ रोज त्याच डब्यात देते. काल तिने तीन क्लिप स्वतः उघडल्या; चौथी कडक आहे, तिला खोबरेल तेल लावून पाहते.