सातवी-आठवीचं गणित: तुमच्या घरी, तुमच्या वर्गात काय चालायचं?

मुलगा जूनमध्ये आठवीत गेला. पहिल्याच पालकसभेत गणिताच्या मॅडमनी सांगून टाकलं, रोज अर्धा तास गणित हवंच, कच्चं काम त्याच पानावर उजवीकडे करायचं, खोडरबर नको, चुकलं तर एक रेघ मारून खाली परत सोडवायचं, आणि गाइडमधून उतरवलेलं मला लगेच कळतं. सातवीपर्यंत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसून भागायचं, आता बैजिक राशींचे अवयव आले आणि पोरगं वही उघडायलाच टाळाटाळ करतंय. तुम्ही या वयात अभ्यास कसा केलात, मुलांकडून कसा करून घेता, लिहा ना.

*

माझं तोंडी गणित चांगलं, त्यामुळे पायऱ्या लिहायचा भयंकर कंटाळा. आठवीत एकचल समीकरणं आली, ५ − ३(क्ष − ४) = २ असं काहीतरी, मी थेट क्ष = −३ लिहून मोकळा. सरांनी जवळ बोलावलं, म्हणाले कुठं चुकलास ते दाखव. वहीत काही नव्हतंच तर दाखवणार काय! मग समोर बसवून कंस सोडवायला लावला, −३ गुणिले −४ म्हणजे +१२, मी −१२ धरलेलं. खरं उत्तर ५. तेव्हापासून ताळा केल्याशिवाय पुढं जात नाही, उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं फक्त.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. आठवीत अडलेल्या मुलाची गाठ बऱ्याचदा पाचवीत असते. १/२ + १/३ = २/५ लिहिणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर भाकरी काढते, अर्धी भाकरी आहे, त्यात अजून थोडी घातली तर अर्धीपेक्षा कमी कशी होईल गं? हे पटलं की मग लसावि ६ घेऊन ५/६ पर्यंत जायला वेळ लागत नाही. रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं पाढे आणि ऋण संख्यांची तोंडी बेरीज-वजाबाकी, यात खंड नाही. पालकांना हात जोडून सांगते, "मलापण गणित जमायचं नाही" हे मुलांसमोर बोलू नका, दुसऱ्या दिवशी तेच वाक्य वर्गात ऐकू येतं. सगळं बरोबर यावं ही माझी अपेक्षा नाहीच, "बाई, इथपर्यंत कळलं, या पायरीनंतर नाही" एवढं सांगता यावं. एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत गप्प होती, मग एक दिवस वही घेऊन टेबलाशी आली आणि बरोबर ओळीवर बोट ठेवून हेच बोलली. त्या दिवशी काय वाटलं ते सांगता येत नाही.

*

नात सेमीची, ती एचसीएफ म्हणते, मी मसावि. आधी वाटलं आपला उपयोग नाही, पण मग सूट आणि कमिशनचा धडा आला. ८४० वर १५ टक्के सूट. मी म्हटलं दहा टक्के ८४, त्याचं निम्मं ४२, झाले १२६, द्यायचे ७१४. आम्हाला पावकी-निमकी पाठ करावी लागायची त्यामुळे असलं चटकन सुचतं. ती शाळेसाठी सूत्रानं सोडवते आणि माझ्या पद्धतीनं पडताळून बघते.

*

आम्ही न्यू जर्सीत. मुलगी सातवीत, पुढच्या वर्षी अल्जेब्रा वन मिळणार का हे यंदाच्या कामावर ठरणार म्हणून घरात टेन्शन होतं. तिच्या वर्गातली एक गोष्ट मला फार आवडली, टेस्टमध्ये चुकलेलं गणित परत सोडवायचं आणि शेजारी आपली चूक शब्दांत लिहायची, मग गेलेले निम्मे मार्क परत मिळतात. सुरुवातीला ती "सिली मिस्टेक" एवढंच लिहायची. टीचरनी ते परत पाठवलं. आता लिहिते "समान पद नसताना मिळवलं". मी मात्र तिला भागाकार शिकवायला गेले आणि गोंधळ घातला, आम्ही भागाकार उजवीकडे लिहायचो, तिच्याकडे वर लिहितात. आता आधी तिची पद्धत तिच्याकडूनच समजून घेते.

*

सगळ्यांचे खूप आभार. काल बाईंचं वाचून मुलाला विचारलं, नक्की कुठपर्यंत कळतंय? क्ष² + ५क्ष + ६ मध्ये मधल्या पदाची फोड करायची हे त्याला माहीत होतं, ५ चे २ आणि ३ च का ते नाही. दोघं बसलो, गुणाकार ६ आणि बेरीज ५ येणाऱ्या जोड्या शोधत. चार गणितं झाली, एकावर रेघ आहे.