93 हजारांना वकील नव्हता, मग ग्वांतानामोच्या कैद्यांना कशाला?

विधी_लातूर :
एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तासाला हेबिअस कॉर्पस, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घ्यायचा हक्क, चालू असताना ग्वांतानामोचा, म्हणजे क्यूबातल्या अमेरिकी लष्करी तळावरच्या तुरुंगाचा, बूमेदीन खटला निघाला. 12 जून 2008, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, 5 विरुद्ध 4. युद्धाच्या नावाखाली पकडलेल्या परदेशी माणसालाही कोर्टाचं दार उघडं. घरी सांगितलं तर आजोबा भडकले. ते 71 च्या लढाईत होते. म्हणाले, "आम्ही 93 हजार पकडले. एकानं तरी वकील केला का?" परीक्षेपुरतं उत्तर पुस्तकात आहे. आजोबांना पटेल असं कुणी सांगेल का?

खंडपीठ_वकील :
आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण ते 93 हजार म्हणजे मुख्यतः शरण आलेली फौज. काही मुलकी लोक होते, तरी कोण सैनिक आणि कोण नाही यावर भांडण नव्हतं. युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते सांगणारा जिनिव्हा करार लागू होता आणि 1974 पर्यंत ते मायदेशी परतलेही. युद्धकैद्यावर आरोप नसतो, लढाई संपली की तो घरी जातो. त्याला वकील कशाला लागेल?

ग्वांतानामोतलं भांडण त्याच्या आधीचं आहे. हा माणूस मुळात लढणारा होता का? लखदर बूमेदीन मूळचा अल्जीरियाचा, साराजेव्होत रेड क्रेसेंट या मदतसंस्थेत नोकरीला. रणांगणावर तो नव्हताच. ऑक्टोबर 2001 मध्ये अमेरिकी वकिलात उडवण्याच्या कटाच्या संशयावरून त्याच्यासह सहा जणांना बोस्नियात धरलं. तपासात काही निघालं नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2002 मध्ये सोडायला सांगितलं, आणि त्यांना थेट अमेरिकेच्या हवाली केलं. अमेरिकी सरकारचं म्हणणं असं, की जागा क्यूबाची, 1903 पासून भाड्याची, माणसं परकी, तेव्हा आमच्या कोर्टाचा संबंध नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती केनेडींनी ते मानलं नाही. जिथे पूर्ण ताबा तुमचा, तिथे राज्यघटना हवी तेव्हा चालू, नको तेव्हा बंद करता येत नाही.

मी वीस वर्षं एमपीडीएच्या, म्हणजे खटला न चालवताच धोकादायक माणसाला डांबायच्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या, स्थानबद्धतेची कामं केली, म्हणून एक सांगतो. आपल्याकडेही त्या फायलीत 'अ' आणि 'ब' असे गोपनीय साक्षीदार असतात. नाव नाही, गाव नाही. एकदा एका पोराच्या फायलीत न्यायमूर्तींनी 'ब'च्या जबाबाचं पान उलटलं. जबाब खरा असल्याची पडताळणी केल्याचा शेरा जिथे हवा, तिथे कोरी जागा. सरकारी वकिलांना विचारलं, ते फाईल चाळत राहिले. पोरगा संध्याकाळपर्यंत सुटला नाही, कागद तुरुंगात पोचायला दोन दिवस गेले, पण सुटला. ते पान कुणीतरी उलटावं लागतं.

ग्वांतानामोत ते उलटायला कुणी नव्हतं. त्या सहांतला मुस्तफा ऐत इदीर, कैदी लढणारा होता का हे ठरवणाऱ्या लष्करी मंडळापुढे आला, तेव्हा आरोप होता की अल कायदाच्या एका ज्ञात हस्तकाशी याचे संबंध. त्यानं विचारलं, त्या माणसाचं नाव काय? मंडळाच्या अध्यक्षांनाच माहीत नव्हतं. नाव कळल्याशिवाय उत्तर काय देणार? शेजारी वकील नाही, गोपनीय पुरावा बघायची सोय नाही.

आता हे नीट वाचा. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी जानेवारी 2005 मध्ये या सहांचे अर्ज फेटाळले होते : परदेशी माणसाला हा हक्कच नाही. 2008 च्या निकालानंतर तीच प्रकरणं त्यांच्याकडेच परत आली. तोवर सरकारनं वकिलातीचा कट सोडून दिला होता. आता म्हणणं एवढंच, की हे अफगाणिस्तानात लढायला जाणार होते. लिऑन यांनी पुरावा बघितला, तर पाच जणांविरुद्ध फक्त एका निनावी खबऱ्याची माहिती. 20 नोव्हेंबर 2008 ला त्यांनी पाचांना सोडायचा हुकूम दिला, आणि सात वर्षं खूप झाली, अपील करू नका, असं सरकारला सांगितलं. न्यायाधीश तेच, कैदी तेच. फरक एवढाच की या वेळी कागद उघडावे लागले.

नाशिक_74 :
पटलं, पण लढाई चालू असलेल्या मुलखातही हेच? गोळ्या चालू असताना शिपायानं पंचनामे करायचे?

खंडपीठ_वकील :
नाही. 2010 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं अफगाणिस्तानातल्या बग्रामच्या कैद्यांना हा हक्क नाकारला, कारण तिथे युद्ध चालू होतं. मला ते अर्धंच पटतं. त्यांतले काही दुसऱ्या देशांत पकडून बग्रामला आणल्याचं सांगत होते. माणूस कुठे ठेवायचा हे सरकार ठरवणार, आणि त्यावरून त्याला कोर्ट मिळणार की नाही हे ठरणार, हे मला मान्य नाही. आणि परदेशाकडेच बोट कशाला? एप्रिल 1976 मध्ये जबलपूरच्या खटल्यात आपल्याच सुप्रीम कोर्टानं आपल्याच नागरिकांना आणीबाणीत हेबिअस नाकारलं. विरोधात एकटे न्या. खन्ना.

विधी_लातूर :
वकीलसाहेब, आजोबांना सगळं वाचून दाखवलं. चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच विचारलं, "पाच सुटले. सहाव्याचं काय?"

खंडपीठ_वकील :
बेल्कासेम बेन्साया. लिऑन यांनी त्याची कैद कायम ठेवली. 2010 मध्ये अपील कोर्टानं तो निकाल रद्द करून परत पाठवला. डिसेंबर 2013 मध्ये त्याला अल्जीरियाला धाडलं. खटला कधीच चालला नाही.