रक्तकांचन नेमका कोणता?

पानझड: रोपवाटिकेचं माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. बौहिनिया परप्युरियाला रक्तकांचन लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते देवकांचन केलं आणि रक्तकांचन हे नाव बौहिनिया व्हेरिगाटाला दिलं. बरोबर काय?

सह्यवाट: दोन्ही झाडांना रक्तकांचन म्हणणारे आहेत, म्हणून आधी फूल बघा. परप्युरिया सप्टेंबर ते डिसेंबर फुलतो, झाडावर पानं असताना. पाकळ्या अरुंद, सुट्या. परागकण देणारे पुंकेसर बहुधा 3. कळीवर उभे कंगोरे. व्हेरिगाटा फेब्रुवारी ते एप्रिल, पानं बहुतेक गळून गेल्यावर. पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, एकीवर गडद रेषा. पुंकेसर 5, कळी गुळगुळीत. पानावर विसंबू नका. परप्युरियाचं जास्त खोल चिरलेलं असतं खरं, पण एकाच झाडावर फरक पडतो. रंगही उपयोगाचा नाही. व्हेरिगाटा पांढराही असतो.

अक्षरवेडी: व्हेरिगाटाला सरळ कचनार लिहा.

मूळाक्षर: कचनार हिंदी आहे. आपल्याकडे कांचन असताना उसनं कशाला? आयुर्वेदात कांचनार म्हणजे व्हेरिगाटा आणि कोविदार म्हणजे परप्युरिया असं बहुतेक धरतात. तेच घ्या.

अक्षरवेडी: कचनार हा कांचनारचाच झिजलेला शब्द, उसना कसा? आणि रोप घ्यायला आलेला माणूस कोविदार मागणार नाही. अमरकोशात कोविदाराला युगपत्रक, म्हणजे जोडपानाचा, म्हटलंय. जोडपान तर आपट्याचंही असतं!

सह्यवाट: आपट्याचं निघालंच आहे तर पत्रकात ठळक लिहा, दसऱ्याला आपटा समजून कांचन तोडला जातो. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याची शेंग आपणहून उकलत नाही, कांचनाची तडकून बी उडतं. शिवाय दसऱ्याच्या सुमारास परप्युरियाच्या शेंड्यांना कळ्या असतात. फांदी गेली की तिचा त्या वर्षीचा बहर गेला.

मूळाक्षर: 'कांचन' म्हणजे सोनं, म्हणून तोडत असतील.

सह्यवाट: दुमडलेलं पान सारखं दिसतं म्हणून तोडतात. पानझड, यादीत ब्लेकिआना आहे का? तो या दोघांचा संकर, हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूल. वांझ असतो, बी धरत नाही, कलम किंवा गुटीनेच वाढतो. बियांपासून केलेलं रोप त्या नावाने विकू नये.

पानझड: आहे. त्याला संकरित कांचन लिहू?

अक्षरवेडी: हाँगकाँग कांचन.

मूळाक्षर: गावाचं नाव झाडाला नको. संकरकांचन.